उतरली, हे कोण ठरवणार?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. खरं तर हे आमच्या पाहुण्यारावळ्यांना लिहिलेलं पत्रच समजा. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

गेल्या मार्गशीर्षात रत्नागिरीच्या लग्नाला आम्ही कोल्हापूरकर पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि जेवणाची पहिली पंगत उठत होती. "काय हो, गाडी बंद पडली का वाटेत?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना मी "हो, जरा अडचण झाली" असं सांगून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. गाडी ठणठणीत होती. अडचण मी होतो.

झालं असं. माझा भाचा, त्याची बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, असे सगळे आदल्या दिवशी पुण्याहून आमच्याकडे मुक्कामाला आले. भाच्याची सात जणांची मोठी गाडी. पहाटे पाचला सगळ्यांनी मिळून निघायचं, मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत नऊ-साडेनऊपर्यंत रत्नागिरी गाठायची, असा बेत. मुहूर्त अकराच्या पुढचा. बहिणीच्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न, त्यामुळे वेळेवर पोचणं म्हणजे मानाचा प्रश्न.

रात्री भाच्याचे कोल्हापुरातले मावसभाऊ-चुलतभाऊ जमले आणि पोरं गच्चीवर 'बसली'. (हे 'बसणं' म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.) खाली तांबडा-पांढरा तयार होता. नऊला बसलेली मंडळी साडेबाराला उतरली. भाच्यानं झोपलेल्या लेकीला गच्चीवरून उचलून खाली आणलं, एकही पायरी न चुकता. मी जागाच होतो. म्हटलं, पोरगा शुद्धीत आहे, बरं झालं.

पहाटे साडेचारला मी चहा ठेवला. भाचा आंघोळ करून, केस विंचरून किल्ली फिरवत आला. डोळे जरा लाल. टूथपेस्टच्या वासाखाली दुसरा वास.

"किती झाली रे रात्री?"

"चारच मामा. आणि चार तास झोपलोय की. उतरली सगळी. एकदम फ्रेश."

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दात अडकायची खोड आहे. 'उतरली'! ताप उतरतो, पूर उतरतो, घाट उतरतो आणि दारूही उतरते. पण ताप उतरला हे थर्मामीटर सांगतो. पंचगंगेचा पूर उतरला हे राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी सांगते. दारू उतरली हे मात्र ज्याला चढली होती तोच सांगतो, आणि आपण ते ऐकून गाडीत बसतो!

आता मला एवढ्या पहाटे हे कुठून सुचलं, ते सांगतो. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला जे झालं ते आठवत असेलच. पहाटे अडीचच्या सुमारास एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शेनं दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघेही गेले. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत एक अट होती ती ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. नंतर देशभर आरडाओरडा झाला, तो आदेश बदलला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. पण माझ्या डोक्यातून तो निबंध काही जाईना. निबंध लिहायला लावणं हा माझा धंदा होता हो! हजारो निबंध तपासले. म्हटलं, हा निबंध आपल्यालाच लिहायला सांगितला असता तर काय लिहिलं असतं? 'दारू वाईट' यापलीकडे मला एक वाक्य येत नव्हतं. म्हणून वही काढली आणि वाचायला लागलो. त्या वहीतली बेरीज-वजाबाकी त्या पहाटे कामाला आली.

गणित सोपं आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ६० मिलीच्या एका 'लार्ज'मध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. माणसाचं वजन, आणि स्त्री की पुरुष एवढं कळलं की रक्तात त्याचं प्रमाण किती होईल याचा अंदाज काढता येतो. ही रीत स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३० च्या दशकात मांडली. ७० किलोच्या पुरुषानं एक लार्ज उपाशीपोटी पटकन घेतला, तर दर १०० मिली रक्तात ४० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाऊ शकतं. त्याच पेगनं ५५ किलोच्या बाईच्या रक्तात ६० च्या वर. आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची (१९८८ चा कायदा, कलम १८५) मर्यादा किती, तर ३०! म्हणजे 'एकच तर घेतलाय' म्हणणाऱ्याचा तो एकच सुद्धा काही वेळ कायद्याबाहेर असू शकतो.

'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे दोन लार्ज. बाटली एक, पेग दोन. हे मला वयाच्या सत्तरीनंतर कळलं.

आता वजाबाकी. आत गेलेलं बाहेर काढायचं काम मुख्यतः यकृताचं, आणि ते सरकारी कारकुनासारखं आपल्याच गतीनं चालतं. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. लिंबू पिळा, ताक प्या, गार पाण्यानं आंघोळ करा, काळी कॉफी घ्या, त्याची गती वाढत नाही. कॉफीनं फार तर पेंगणारा प्यायलेला माणूस जागा प्यायलेला माणूस होतो, इतकंच. झोपेनंही वाढत नाही. आपल्याला वाटतं झोप म्हणजे पाटी कोरी. तसं नाही. झोपेचे चार तास म्हणजे हिशेबात फक्त चार तास.

भाचा साधारण सत्तर किलोचा. चार लार्ज म्हणजे १७० च्या आसपास. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत आठ तास, पंधरानं १२० वजा. उरले ५०. म्हणजे आंघोळ केलेला, भांग पाडलेला, 'एकदम फ्रेश' भाचा पहाटे पाच वाजता कायद्याच्या रेषेच्या बराच वर होता.

पण हे गणित सांगताना मला प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं पाहिजे. तासाला १५ ही सरासरी झाली. कुणाचं यकृत २० नं काम करतं, कुणाचं १० नंच. २० धरले तर भाच्याचे उरतात १०. १० धरले तर उरतात ९०! शिवाय 'चारच' हा आकडा कुणाचा? प्यायलेल्या माणसाचा. गच्चीवर माप नसतं, बाटली तिरकी होईल तेवढा पेग. ज्या उदाहरणाचं उत्तर १० पण येऊ शकतं आणि ९० पण, असं उदाहरण आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी पेपरात घातलं असतं तर पालकांनी मोर्चा आणला असता. म्हणून मी या गणिताकडे असं बघतो : ते 'जाऊ नको' असं सांगू शकतं. 'जा' असं सांगायला ते पुरेसं नाही.

आणखी एक. ३० हा पोलिसांचा आकडा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे. शेजारच्या स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ती ५० वर आणली. स्वीडनमध्ये २० आहे. माणसाचा मेंदू काही सरहद्द ओलांडली की बदलत नाही. रेषा प्रत्येक देशानं आपापल्या सोयीनं आखली आहे. २९ वर समोरची ट्रॉली स्पष्ट दिसते आणि ३१ वर दिसत नाही, असं थोडंच आहे?

वहीत मी आणखी एक प्रकरण लिहून ठेवलं होतं. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात गेले, आठ जखमी. त्या चालकाच्या रक्तात १०० मिलीला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. आता गंमत बघा (गंमत कसली!). रात्री साडेबाराला, लेकीला खांद्यावर घेऊन, एकही पायरी न चुकता उतरणारा माझा भाचा माझ्या हिशेबानं ११८ वर होता. आणि मी म्हणालो होतो, पोरगा शुद्धीत आहे!

एवढं सगळं माहीत असूनही त्या पहाटे मी गप्पच बसलो असतो. मामा असलो म्हणून काय झालं, पोरगा चाळिशीला आलाय, गाडी त्याची, लग्न त्याच्या घरचं. मला गप्प बसू दिलं नाही ते एका जुन्या गोष्टीनं. ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती. हे लिहायला बसण्याआधी हिला सांगितली, आता तुम्हाला सांगतो.

१९८६ साल. एका सहकाऱ्याच्या निवृत्तीचं जेवण होतं, राधानगरी रस्त्याला एका मळ्यात. त्या काळी मास्तरांनी घ्यायची म्हणजे चोरूनच. पण त्या दिवशी मोकळं रान होतं आणि मी घेतली. किती, ते आठवत नाही. रात्री अकरा-साडेअकराला चेतकला किक मारली. कुणीतरी "सर, जाल ना नीट?" असं विचारलं. मी क्षणभर स्वतःला तपासलं आणि "मी बरा आहे की" म्हणालो. आता वाटतं, मी बरा आहे का हे मी ज्याला विचारलं, तोही प्यायलेलाच होता.

घरी पोचलो. पोचल्याचं आठवत होतं, रस्ता आठवत नव्हता. सकाळी बघतो तर स्कूटरचा डावा आरसा फुटलेला आणि हँडलच्या टोकाला ओरखडा.

उसाचा हंगाम होता. कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर, मागं ना दिवा ना कंदील. एखाद्या गाडीचा दांडा लागला असेल. किंवा घराच्या बोळात भिंतीला घासली असेल. पण गाड्यांबरोबर माणसंही चालत असतात. त्या सकाळी मी सायकल काढली आणि तो सगळा रस्ता, दोन्ही कडा बघत, मळ्यापर्यंत गेलो. काय शोधत होतो? काच. आणि काच सापडू नये असंही वाटत होतं. सापडली नाही. पुढं आठ दिवस रोज पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या बघायचो. सीपीआर दवाखान्यावरून जाताना मान खाली घालायचो. काही कळलं नाही. आरशाला काय लागलं ते मला आजही माहीत नाही. 'बैलगाडीच असेल' या एका 'असेल'वर मी जवळजवळ चाळीस वर्षं काढली आहेत.

हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आरसा त्याच आठवड्यात बदललात, तेव्हाच मला वाटलं होतं."

असो. तर त्या पहाटे मी भाच्याला म्हणालो, "मी तुझ्या गाडीत बसणार नाही. आणि पोरीलाही बसू देणार नाही."

पुढचा अर्धा तास फार वाईट गेला. भाचा म्हणाला, "मामा, लग्नाला निघालोय आपण, मला वर्गात उभं काय करताय?" मग म्हणाला, "अख्खं पुणं असंच चालवतं." बहीण रडवेली झाली. "दादा, सोयऱ्यांत काय तोंड दाखवू मी?" सुनेला गाडी येते, पण घाटात कधी चालवलेली नाही, आणि नवऱ्याच्या देखत काय बोलावं हे तिला कळेना. मी दंडाची भीती घालून पाहिली : पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तर म्हणतो, "पहाटे कोण धरतंय?" ते मात्र खरं होतं.

शेवटी निकाल लावला तो हिनं. ती काही बोलली नाही. खाली बसली आणि नातीच्या पायातले बूट काढायला लागली. त्यानंतर भाच्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि आत जाऊन झोपला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा टुरिस्ट गाडी चालवतो. त्याला फोन केला, तो साडेआठला आला, आणि भाच्याचीच गाडी घेऊन आम्ही निघालो. मलकापूरपर्यंत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागत होत्या. आंबा घाटात धुकंबिकं काही नव्हतं, लख्ख ऊन. वळणावर बहिणीनं एकदा मागं वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत काय होतं ते मी लिहीत नाही, तिनं स्वतः वाचून आठवावं.

पोचलो साडेबाराला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मी बरोबर होतो का? खरं सांगू, तो पाचला निघाला असता तर बहुतेक काहीही झालं नसतं. आम्ही वेळेवर पोचलो असतो, अक्षता टाकल्या असत्या. पण 'काही झालं नाही' हाच या बाबतीतला सगळ्यात वाईट मास्तर. तो दर वेळी पास करतो. दहा वेळा पास झालेल्याला वाटतं आपल्याला विषय येतो. आणि मग एकदा काही होतं तेव्हा ते बहुधा त्याला होत नाही, फुटपाथवर झोपलेल्याला होतं, दुचाकीवर घरी निघालेल्याला होतं.

तेव्हा 'प्यायल्यावर किती वेळानं गाडी चालवावी?' या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की हा प्रश्न प्यायल्यावर विचारायचाच नाही. पहिला ग्लास भरायच्या आधी विचारायचा. तेव्हा डोकं जागेवर असतं. उद्या पहाटे निघायचंय ना? मग आज कोण घेणार नाही ते आत्ता ठरवा. किल्ली त्याच्याकडे. सगळ्यांनाच घ्यायची असेल तर निघायची वेळ दुपारवर ढकला, नाहीतर ड्रायव्हर सांगा, नाहीतर एसटी आहेच. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही पहाटे साडेचारला तत्त्वज्ञान काढण्यापेक्षा रात्री नऊला गच्चीवर जावं. हे मी स्वतःलाच सांगतोय. त्या रात्री नऊला मी गच्चीवर गेलो असतो तर अक्षताही चुकल्या नसत्या आणि कुणाचा अपमानही झाला नसता. मी काय केलं, तर खालून रस्सा पाठवला! तेव्हा त्या उशिरात माझाही वाटा आहे, आणि त्याबद्दल वधूच्या आईवडिलांची मी इथं माफी मागतो.

भाचा महिनाभर बोलला नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला, 'गोड बोला' म्हणाला आणि लगेच निघाला. त्या विषयावर चकार शब्द नाही. मीही काढला नाही.

मग परवा संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याचा फोन. "मामा, मित्राकडे जेवण आहे. उद्या सकाळी सातला पोरीला घेऊन साताऱ्याला जायचंय. किती घेतली तर चालेल?"

वहीतला हिशेब मी त्याला सांगू शकलो असतो. नाही सांगितला. म्हटलं, "उद्या पोरगी गाडीत आहे ना? मग आज सोड की."

थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं घेतली की नाही ते मी विचारलेलं नाही. पण या वेळी त्यानं विचारलं ते संध्याकाळी सहाला विचारलं, पहाटे पाचला नाही. मास्तर म्हणून एवढ्याचे मार्क मी त्याला दिले.